सरकीच्या घराची पाहणी

८ जानेवारी २०१८, सोमवार

बाबा माह्यासंग बोलत नाही याचं मले कधी वाईट वाटलं नाही. ते कोणासंगच बोलत नाही असं मी धरून चाललो होतो. माह्या कादंबरीतही तसंच लिहून ठेवलं का उकंडा नावाचा माणूस मुका नाही पण मुक्यासारखा हाये. आज समजलं का बाबा बोलते. अर्धा अर्धा घंटा बोलते. कुत्रीसंग.

दर सोमवारी बाबा डोळे दाखवाले म्हणून सकाळच्या एसटीनं यवतमाळले जातेत. आज आईनं मले संग धाडलं. दवाखान्यात दहा मिनिटं लागले. बाहेर येऊन बाबा म्हणे, "तुले लायब्ररीत जाचं असन तर जाय. मी येतो स्टँडवर." मी गेल्यासारखं केलं अन् मागं मागं निघालो. वीस पावलांवरचा माणूस त्याईले ओळखू येत नाही आता, ऑक्टोबरपासून. बाबा भिंतीच्या कडेकडेनं चालत जखमी जनावरं ठेवतेत त्या आश्रमात गेले. टिनाचं शेड, जाळीचे पिंजरे. तिसऱ्या पिंजऱ्यासमोर जाऊन उकिडवे बसले. तिथल्या माणसानं त्याईले चहा आणून देला. म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक.

पिंजऱ्यात सरकी. बाबा मजुरीले जात त्या धरमसिंगच्या वावरातली राखणीची कुत्री, मळकी पांढरी, एक कान फाटका. ऑक्टोबरात कापसावर औषध फवारता फवारता बाबा ज्या तासात, पिकाच्या ओळीत, पडले त्याच तासात मंग ती बी पडली होती. बाबाले ट्रॅक्टरवर टाकून आणलं, हिले दोन दिवसांनी या आश्रमवाल्यांनी नेलं. धरमसिंगनं मंग परत घेतलीच नाही.

दवाखान्यात मी अकरा दिवस बाबाच्या उशापाशी बसलो होतो. पाचव्या दिवशी त्याईनं डोळे उघडले. पहिला शब्द, "सरकी कोठी हाये?" मी म्हटलं, बाबा, मी संघदीप. म्हणे, "हो, माहीत हाये."

मी शेडच्या मागं उभा राहून ऐकलं. सगळं ऐकू आलं नाही. "वारा उलटा होता बाई त्या दिवशी," एवढं आलं.

त्या दिवशी काय झालतं हे मी बाबाले पन्नास वेळा विचारलं असन. माह्या कादंबरीचा चौथा भाग तोच हाये. बाबा सांगतेत, "औषध लागलं." दोन शब्द. चौथ्या भागात आतालोक दोन शब्द हायेत. अन् कुत्रीले वाऱ्याची दिशा सांगून राह्यले.


१० जानेवारी

बाबानं खिशातून चार घड्या केलेला कागद काढला. "वाच." सरकीले घरी आणाचं हाये. आश्रमवाले देतेत पण त्याच्या आधी घर पाहाले येतेत.

आई भाकर थापून राह्यली होती. "कुत्रीसाठी घर पाहाले येतीन? मले पाहाले आल्ते तवा बी तुमच्या घरून कोणी घर दाखवलं नव्हतं."

"पाह्यलं असतं तर देली नसती तुले," बाबा म्हणे.

आई हसली. बाबा बी हसले. मी कागद धरून उभा.

वाचून दाखवलं. आंगणाले कुंपण पाहिजे. साखळीनं बांधून ठेवाचं नाही. पाण्याचं भांडं वेगळं पाहिजे. घरात फवारणीचं औषध, रिकामा डबा, पंप काही नाही पाहिजे. दिवसा घरी कोण असते ते लिहा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची मर्जी पाहिजे, त्याची सही पाहिजे.

आईनं पिठाचा हात पुसून सही केली. बाबानं कागदाले नाक लावून केली. मी म्हटलं, मी नीट वाचून करतो.

"वाच, वाच," बाबा म्हणे. "तुले वाचाची हौस हाये."

हा टोमणा होता का नाही ते मले रात्रीलोक समजलं नाही.


१३ जानेवारी

कुंपण. धरमसिंगनं बोंडअळीनं गेलेली पऱ्हाटी, कापसाची झाडं, यंदा पौषातच उपटून बांधावर टाकली, फुकट न्या म्हणे. ती आणून उभी करून बांधली. बाबाले सुतळी दिसत नाही म्हणून गाठी मी मारल्या. चार घंटे आमी दोघं एका ओळीत उकिडवे सरकत गेलो. बाप अन् पोरगा कामात लागले का गोष्टी निघतेत असं पुस्तकात असते. मी म्हटलं, बाबा, त्या दिवशी वारा कोणीकडून होता?

"सुतळी दे."

थोड्या वेळानं म्हटलं, किती पंप झालते तवालोक?

"गाठ ढिली हाये तुही. ती डोकं घालून निंगते अशातून."

कुंपण चांगलं झालं. माह्यासाठी या घरानं कधी काही बांधलं काय? एम.ए.ले होतो तवा टेबल मागतला होता. फळी अन् दोन डबे देले, तोच माहा टेबल.

या वहीत खरंच लिहाचं असं ठरवलं हाये तर हे बी लिहून टाकतो. त्या दिवशी पाणी आणून द्याले अन् औषध घोळाले मी जाणार होतो. दोन माणसांचं काम असते ते. अमरावतीले आमचं वाचन होतं, क्रियापद नसलेल्या माह्या गोष्टीचं. आठ जण होते ऐकाले. फोन बंद ठेवला होता.


१५ जानेवारी

बाबा आता रोज संध्याकाळी आश्रमात फोन लावाले सांगतेत. तिथं उज्ज्वला राठोड म्हणून मॅडम हायेत, रविवारी त्याच येणार घर पाहाले. त्या फोन कुत्रीच्या कानापाशी धरतेत.

"सरके, जेवली काय? भात देला? अन् गोळी थुकू नोको. कडू लागते, मले माहीत हाये, मी बी खातो." मंग तिकडून कूं असा आवाज आला अन् बाबा इतके हसले का त्याईले खोकला आला. माह्या फोनवर.

मी अमरावतीहून, नागपूरहून फोन करतो तवा आई बोलते. बाबा मागून म्हणतेत, "विचार त्याले, जेवला काय." विचार त्याले.

फोन झाल्यावर बाबा प्लास्टिकच्या दोन कॅना घेऊन आले, भंगारवाल्याकडून. एक कापून सरकीले पाण्याचं भांडं करणार. "संघदीप, पाय बरं, यावर तिकोन हाये काय? तो म्हणे दोन्ही तेलाच्या हायेत. मले दिसत नाही."

औषधाच्या डब्यावर तिकोन असते, लाल असला का सगळ्यात जहाल. ऑक्टोबरनंतर आमच्या गावात ज्याले अ ब क येत नाही त्यालेही ते तिकोन येते.

मी फोनची काच शर्टानं पुसून राह्यलो होतो. म्हटलं, नाही.

"दोन्हीवर?"

"नाही म्हटलं ना."

बाबा कापाले बसले. मी पाह्यलंच नव्हतं.


१६ जानेवारी, मंगळवार

सकाळी भांडं कुंपणावर पालथं होतं. कापलेल्या काठावर बाबानं विस्तव फिरवला, तिच्या तोंडाले लागू नये म्हणून. राखेनं तीनदा घासलं. आई म्हणे, माह्या कढईले कधी एवढं घासलं काय.

उन्हात पाह्यलं. लेबल फाटलेलं होतं, पण खाली डिंकासंग एक तुकडा राह्यला. लाल. पुरा तिकोन नाही, त्याची दोन टोकं. नखानं खरवडून पाह्यलं, निघालं नाही.

परत ठेवून देलं.

मनात काय आलं ते लिहितो. रविवारी मॅडम येईन, तिले हे दिसल्याशिवाय राहाचं नाही, तिचं कामच ते हाये. ती नाही म्हणून जाईन. मले काही म्हणा लागणार नाही. कुत्री तर आश्रमात हाये, तिले काही होत नाही. हा विचार एवढा सोपा होता का मले त्याची लाजही वाटली नाही.

दुपारी फॉर्मवर सही करून टाकली. बाबानं कागद डोळ्यापाशी नेला, माही सही पाह्यली अन् माह्या पाठीवर हात ठेवला. असा हात त्याईनं कधी ठेवलता आठवत नाही. सरकीसाठी ठेवला.


१८ जानेवारी

बाबानं भांडं गळते का पाहाले पाणी भरून ठेवलं. शेजारच्या मोनालीवहिनीची कोंबडी चोच घालाले आली. मी दगड मारून हाकलली. मंग पाणी सांडून देलं. बाबा विचारे तवा सांगतलं, गळत नाही.

लिहिणं काही होऊन नाही राह्यलं. एक गोष्ट चालू केली होती, सगळी प्रश्नार्थक वाक्यं. दुसऱ्या पानावर बंद पडली.


२१ जानेवारी, रविवार

मॅडम आली ती एकटी नाही आली. छोट्या गाडीत मागं सरकी. म्हणे, नव्या घरी ती कशी वागते ते बी पाहा लागते. हे आमाले कोणी सांगतलं नव्हतं.

सरकीनं उतरल्याबरोबर बाबाच्या धोतरात तोंड घातलं. बाबा तिचा फाटका कान चोळत राह्यले. मॅडम माह्याच वयाची, हातात पाटी अन् कागद. कुंपण हलवून पाह्यलं. म्हणे, "मजबूत हाये." गाठी माह्या होत्या. बाबा म्हणे, "पऱ्हाटी चांगली हाये."

घरात पाह्यलं, बाजेखाली पाह्यलं, न्हाणीत पाह्यलं. पाण्याचं भांडं बाबानं काठोकाठ भरून कुंपणाच्या सावलीत ठेवलं होतं. लाल तुकडा पऱ्हाटीच्या अंगाले. तिले दिसला नाही. मी वाट पाहून राह्यलो होतो अन् तिले दिसला नाही.

मंग ती बाजेवर बसली. "काका, हीच कुत्री कायले पाहिजे तुमाले? आमच्याकडे पिल्लं हायेत, लहानपणापासून लळा लावता येईन."

बाबा बोलले. मॅडमसमोर, आईसमोर, माह्यासमोर. जसं काही रोज बोलतेत.

"दुपारी वारा उलटा झाला. तोंडाले दुपट्टा बांधला होता तो ओला झाला. मी म्हटलं हा पंप संपवतो अन् थांबतो. मंग सगळी पऱ्हाटी पिवळी दिसाले लागली अन् पाय गेले माहे. ही सरकी आली अन् माहं तोंड चाटाले लागली. म्हटलं जाय, हट. जाईना. डोळे चाटले, नाक चाटलं. माह्या तोंडावरचं जेवढं होतं तेवढं तिच्या पोटात गेलं. डॉक्टर म्हणे, तोंडावर आणखी घंटाभर राह्यलं असतं तर डोळे पुरेच गेले असते." बाबा सरकीची पाठ खाजवाले लागले. "पोरगा होता संग. तो अन् ही, दोघं रस्त्यालोक पळाले. ट्रॅक्टर थांबवला. पोरानंच मले खांद्यावर टाकलं."

मॅडमनं माह्याकडे पाह्यलं, इज्जतीनं.

मी तिथं नव्हतो. बाबाले ट्रॅक्टरवाल्यानं टाकलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. बाबा खोटं काहून बोलले मले समजत नाही. मॅडमसमोर घर चांगलं दिसावं म्हणून असन. अन् तिथंही मले एकट्याले पळू देलं नाही, कुत्रीसंग पळवलं.

आई खाली पाहून सुपातले खडे निवडत राह्यली. तिलेही माहीत हाये मी नव्हतो.

तेवढ्यात सरकी उठली. आंगणाले एक चक्कर मारली, हुंगत हुंगत गेली, भांड्यापाशी थांबली, मान खाली घातली.

मी धावलो अन् भांड्याले लाथ मारली. पाणी तिच्या तोंडावर उडालं. ती कळवळून बाबाच्या मागं लपली.

मंग बाबा म्हणे, "संघदीप." एवढंच.

आई म्हणे, "पोटात जळते त्याच्या, मॅडम. पहिल्या दिवसापासून. कुत्रीचं नाव घेतलं का तोंड वाकडं होते."

मॅडम कागदावर लिहाले लागली. मले तिचा पेन दिसत होता. तेवढं लिहून ती गेली असती. कुत्री आली नसती, अन् बाबानं मले तापट म्हटलं असतं, जळकुकडा म्हटलं असतं. ते तर मी हावोच.

मी भांडं उचललं अन् तिच्या हातात देलं. लाल तुकडा वर करून.

ती पाहून म्हणे, "हे कोणी आणलं?"

"मी," बाबा म्हणे. "काय हाये?"

"तिकोन हाये बाबा. लाल."

"तू तर नाही म्हटला होता."

"पाह्यलं नव्हतं."

"मंग आता कसं दिसलं?"

"आता नाही. मंगळवारी दिसलं."

बाबानं बोटं मोजली नाही, पण ओठ हलले. "आज रविवार हाये."

"हो."

मॅडम उठली. आवाज चढवला नाही तिनं. "काकाले दिसत नाही. तुमाले दिसते अन् तुमी सांगत नाही. मंग मी हिले कोणाच्या भरवशावर ठेवू?" तिनं सरकीच्या गळ्यातला पट्टा धरला. सरकी जाईना. शेवटी बाबानंच तिले उचलून गाडीत ठेवलं. मॅडम बाबाले म्हणे, "काका, चार तारखेले पुन्हा येतो. एक डाव. तवा बी असंच असन तर हिच्यासाठी दुसरं घर पाहीन. बाभुळगावले एक जण तयार हाये."

गाडी गेल्यावर बाबानं पाण्यानं ओली झालेली जागा खुरप्यानं खरडली अन् माती टोपल्यात भरून गावाबाहेर नेऊन टाकली. पुरी जागा. कोंबड्या येतेत म्हणून.


२२ जानेवारी

कुत्री आली नाही. माह्या मनासारखं झालं. असं लिहून पाह्यलं.


२५ जानेवारी

बाबा मले टाकून बोलत नाही. "जेव" म्हणतेत, "दार लाव" म्हणतेत. पहिलेपेक्षा जास्तच शब्द झाले.

पण आज डोळ्यात टाकाचं नवं औषध आणलं. शिशी हातात घेऊन माह्या समोरून गेले. मी खाटेवर मोकळाच बसलो होतो, पुस्तकही नव्हतं हातात. बाबा कुंपणाच्या फटीतून मोनालीवहिनीले आवाज देऊन म्हणे, "सुनबाई, वाच बरं यावर काय लिवलं हाये. दिवसातून किती डाव?"

मोनालीवहिनी अंगणवाडीत शिकवते. तिनं मोठ्यानं वाचलं, पोराईले वाचून दाखवते तसं. बाबा म्हणे, "बरं झालं तू हायेस."

कुत्रीवर जळत होतो तवा बरा होतो मी. ती जनावर होती. मोनालीवहिनीवर काय जळाचं, तिनं फक्त शिशी वाचली. तरी जळलो. घरात एम.ए. मराठी बसला हाये अन् बाप कुंपणापलीकडे वाचाले जाते.


२८ जानेवारी

आज बँकेची चिठ्ठी, रेशनचा कागद, गोळ्यांचं पाकीट. सगळं कुंपणापलीकडे. मी आईले म्हटलं, बाबाले सांग ना मी वाचतो म्हणून.

आई म्हणे, "तू सांग. मी काय तुमच्या दोघांतली तार हावो?"

मंग चूल फुंकता फुंकता म्हणे, "एक डाव मी बी विचारलं त्याईले, पोरगा संग होता असं लोकाईले कायले सांगता. दवाखान्यातल्या पोलिसाले बी तसंच सांगतलं, धरमसिंगले बी. तर मले म्हणे, तू गप."

म्हणजे मॅडमसमोर पहिल्यांदा नाही. सगळीकडेच तसं सांगतेत. काहून, ते आईलेही माहीत नाही म्हणते. मले वाटते बाबाले एकटं पडल्याची लाज वाटत असन.


१ फेब्रुवारी

सकाळी मी सरकीच्या पाण्यासाठी मातीचं परळ आणलं, कुंभाराकडून. बाबाच्या समोर ठेवलं. त्याईनं हात फिरवला, आत, बाहेर, बुडाले. वास घेतला.

दुपारी बाबा मोनालीवहिनीकडे निघाले. हातात पिशवी होती, आश्रमातून आलेली, सरकी घरी आली का तिले द्याच्या जंताच्या औषधाची. कुंपणापाशी आवाज देला. वहिनी घरी नव्हती. बाबा थोडा वेळ तिथंच उभे राह्यले. मंग परत आले अन् पिशवी माह्या मांडीवर ठेवली.

"वाच."

मी वाचलं. नाव वाचलं. किती वजनाच्या कुत्र्याले किती ते वाचलं. कंपनीचा पत्ता वाचला, बॅच नंबर, कोणत्या महिन्यात केलं, कोणत्या महिन्यालोक चालते, लहान पोराईपासून दूर ठेवा, उन्हात ठेवू नका. पाकिटाची मागची बाजू वाचली. मुंगीएवढ्या अक्षरात काही होतं तेही डोळ्यापाशी नेऊन वाचलं. आठ माणसांसमोरही मी एवढं जपून वाचलं नव्हतं.

"झालं?"

"झालं."

"पुन्हा पाय."

मी पुन्हा पाह्यलं. झाकणाच्या आत एक कागद घडी करून ठेवला होता, पहिल्यांदा दिसला नव्हता. पोटुशी कुत्रीले देऊ नका, असं होतं त्यात. तो बी वाचून दाखवला.

बाबा म्हणे, "ती पोटुशी नाही." अन् पिशवी घेऊन आत गेले.


४ फेब्रुवारी, रविवार

मॅडम आली. संग सरकी. या टायमाले मॅडम बसली नाही, सरळ आंगणात फिरली. प्रत्येक डबा उलटा करून पाह्यला, माह्या टेबलाखालचे दोन डबे बी. चुन्याचे निघाले.

परळ उचलून पाह्यलं. परत ठेवलं.

मंग बाबासमोर उभी राहून म्हणे, "काका, एकच विचारतो. हिच्या खाण्यापाण्याकडे कोण पाहीन?"

बाबा बाजेवर बसले होते. सरकी त्याईच्या पायावर. त्याईनं कुंपणाकडे तोंड फिरवलं. मले वाटलं आता मोनालीवहिनीचं नाव घेतेत. आईलेही वाटलं असन, तिनं पदर तोंडाले लावला.

"हा पाहीन," बाबा म्हणे.

"यांच्यावर भरवसा हाये तुमचा?"

"नाही." बाबानं सरकीच्या कानातलं कुसळ काढलं. "पण आता तो दोनदा पाह्यते."

मॅडमनं मले कागद देला. जबाबदार माणसाचं नाव, अशी ओळ होती. मी नाव लिहिलं, कादंबरीतल्या उकंडाचं नाही, माहं. सही केली. तिनं सरकीच्या गळ्यातला आश्रमाचा पट्टा सोडवला अन् खिशात टाकला. गाडी सुरू झाली तवा सरकी फाटकालोक गेली, मंग परत येऊन बाबाच्या पायापाशी बसली. माह्याकडे पाठ करून.

मी घागरीतून पाणी घेतलं. परळ धुतलं, उजेडात धरलं, आतून पाह्यलं, बुडाले पाह्यलं. भरून ठेवलं. सरकी आली अन् प्याले लागली. लपलप आवाज होत होता. मान वर केली तर बाबा तिच्याकडे पाहून राह्यले नव्हते. माह्याकडे पाहून राह्यले होते, त्या धूसर डोळ्यांनी, जेवढं दिसते तेवढं. मी परळापासून हललो नाही. ती पुरं पाणी पिऊन होईलोक तसाच बसून राह्यलो.